घट्ट म्हणजे किती ?

मळसूत्र ही वस्तु आपल्या इतक्या परिचयाची आहे कीं, तिच्याकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाहीं. घड्याळ, चष्मा, शिवण्याचें यंत्र, पंखा, मोटार, आगगाडी, यांपैकीं कांहींहि उघडून पाहिलें तर त्याचे भाग मळसूत्रांनींच एकमेकांशीं जखडलेले आढळतील. लहान असेल तर आपण त्याला स्क्रू म्हणतों, मोठें असेल तर बोल्ट. आणि त्याच्या अंगाभोंवतीं चढत जाणाऱ्या खांचेला आपले कारागीर ' आटे ' म्हणतात. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतों. आज या आट्यांचा इतिहास सांगण्याचें मीं योजिलें आहे. आणि त्यांतूनहि एकच प्रश्न मीं निवडला आहे. बोल्ट घट्ट आवळावा हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु घट्ट म्हणजे किती?

प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. शाळेंत मुलाला ' अक्षर नीट काढ ' म्हणून सांगितलें, तर ' नीट म्हणजे किती नीट ? ' असें तो विचारीत नाहीं. गुरुजींच्या मुद्रेवरून तो काय तें ओळखतो. परंतु जेथें एकाचें काम अनोळखी दुसऱ्याच्या हातीं जातें आणि तिसऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो, तेथें ' नीट ', ' बेताचें ', ' चांगलें घट्ट ' या शब्दांनीं भागत नाहीं. मनुष्याला मळसूत्र माहीत होऊन दोन हजारांहून अधिक वर्षें लोटलीं. पण ' घट्ट म्हणजे किती ' याचें उत्तर आंकड्यांत देणारें साधन अवघें शंभर वर्षांपूर्वींचें आहे.

हा प्रश्न जेथें अगदीं ऐरणीवर येतो तें ठिकाण आधीं पाहूं. मोटारीच्या इंजिनाचें मुख्य अंग म्हणजे धातूचा एक ठोकळा. त्यांत नळकांड्यांसारखे सिलिंडर असतात. त्यांच्या तोंडावर जें जड झांकण बसवितात त्याला हेड म्हणतात. ठोकळा आणि हेड यांच्यामध्यें गॅस्केट नांवाचा पातळ थर असतो, आणि हें सारें आठ-दहा किंवा अधिक बोल्टांनीं आवळलेलें असतें. सिलिंडरांत इंधनाचा भडका उडतो तेव्हां आंतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या घरांत जाऊं शकतो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरापुरता हिशेब केला, तर तो सुमारें अडीच टनांचा धक्का झाला. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर नेहमींच्या चार धांवांच्या इंजिनांत असा धक्का प्रत्येक सिलिंडरांतून सेकंदाला २५ वेळां हेडला वर उचलूं पाहतो. गॅस्केटच्या एका बाजूस ही आग, दुसऱ्या बाजूस थंडावा देणारें पाणी आणि तिसऱ्या वाटेनें वाहणारें तेल. या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचें काम त्या बोल्टांवर सोंपविलेलें असतें.

बोल्ट हें काम कसें करतो ? सर्वसाधारण समजूत अशी कीं, आटे एकमेकांत अडकून बसतात आणि त्यामुळें वस्तु पकडली जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. बोल्ट आवळला म्हणजे तो ताणला जातो. बोटाएवढ्या जाडीच्या आणि वीतभराहून आंखूड बोल्टाचा हा ताण दोन-तीन केंसांच्या जाडीइतकाच असेल, पण तो असतो. आणि ताणलेला बोल्ट पुन्हां आंखूड होऊं पाहतो, म्हणूनच तो हेड आणि ठोकळा यांना एकमेकांवर दाबून धरतो. थोडक्यांत, बोल्ट ही एक अत्यंत ताठर स्प्रिंग आहे. लंडनच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं स्प्रिंगविषयींचा आपला नियम उघड केला. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणांत तिचें बळ वाढतें, हा तो नियम बोल्टालाहि लागू आहे. पण त्याला मर्यादा आहे. ताण कमी पडला तर भडक्याच्या धक्क्यानें सांधा श्वास घेऊं लागतो आणि गॅस्केट जळतें. ताण मर्यादेबाहेर गेला तर बोल्ट कायमचा लांबतो, तुटतो, किंवा ठोकळ्यांतील आटेच उपटून येतात. आणि एक बोल्ट अधिक व दुसरा कमी आवळला गेला, तर हेडच वांकडें होतें. म्हणजे पुरेसें, बेताचें आणि सर्वत्र सारखें, अशा तिन्ही कसोट्यांस येथें उतरावें लागतें.

आतां इतिहासाकडे वळूं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील आर्किमिडीज याच्या नांवाशीं पाणी वर चढविणारें मळसूत्र जोडलेलें आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत रोमन मुलुखांत द्राक्षें व ऑलिव्ह पिळण्यासाठीं मळसूत्राचीं दाबयंत्रें वापरांत होतीं, आणि अलेक्झांड्रियाच्या हीरॉननें आंतील आटे पाडण्याचें साधनहि वर्णिलें आहे. पंधराव्या शतकांत गुटेनबर्गनें ग्रंथ छापले तेहि अशाच पिळाच्या दाबयंत्रावर. परंतु हीं मळसूत्रें हातानें, नजरेनें कोरलेलीं असत. प्रत्येक बोल्टाची आपल्या नटाशीं जन्मगांठ बांधलेली असे. दुसऱ्या नटाशीं त्याचें जमावयाचें नाहीं. यंत्र खोललें कीं कोणता नट कोणत्या बोल्टाचा, हें खुणा करून जपून ठेवावें लागे. आणि एखादा हरवला कीं नवी जोडी घडविण्यावांचून गत्यंतर नसे.

ही स्थिति पालटण्यास आरंभ झाला तो लंडनांत, इसवी सन १८०० च्या सुमारास, हेन्री मॉडस्ले याच्या कारखान्यांत. त्यानें आपल्या लेथवर एक अचूक मुख्य मळसूत्र बसविलें आणि दांत्यांच्या चाकांच्या साह्यानें त्याचीच चाल नव्या बोल्टावर उतरविण्याची व्यवस्था केली. कारागिराच्या हाताचा कंप त्यामुळें आट्यांत उतरेनासा झाला. आतां एका कारखान्यांतले बोल्ट परस्परांशीं जुळूं लागले. पण शेजारच्या कारखान्याचे त्यांच्याशीं जुळत नसत, कारण प्रत्येक कारखानदाराचे आटे निराळे.

मॉडस्लेच्याच हाताखालीं काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें हा तिढा सोडविला. मँचेस्टर येथें स्वतःचा कारखाना काढल्यावर त्यानें निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले, आणि त्यांची सरासरी काढून एक पद्धति बसविली. १८४१ सालीं लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढें त्यानें ती मांडली. आट्याच्या दोन उतारांमधील कोन ५५ अंशांचा, शेंडा आणि तळ गोलाकार, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टाला दर इंचास ठरलेले आटे, असें तिचें स्वरूप होतें. व्हिटवर्थनें ' माझेच आटे सर्वोत्तम ' असा हट्ट धरला नाहीं. सर्वांस आपापलें थोडेंसें सोडून जवळ येतां येईल असें मधलें माप त्यानें शोधिलें. क्रिमियाच्या युद्धांत जॉन पेन या यंत्रकारानें आरमाराच्या तोफनौकांसाठीं ९० दिवसांत ९० इंजिनें पुरविलीं. त्यासाठीं निरनिराळ्या कारखान्यांकडून करविलेले भाग एकत्र जुळले, ते आट्यांचें माप एक होतें म्हणून.

हेच इंचाचे आटे आपल्याकडेहि आले. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. तिचीं इंजिनें इंग्लंडांत घडलेलीं होतीं. त्यामागून गिरण्यांचीं यंत्रें आलीं, त्यांबरोबर बोल्ट आले, आणि बोल्टांबरोबर त्यांचीं मापें. आपल्या कारागिरांनीं तीं आपल्या बोलींत बसवून घेतलीं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत; म्हणून अर्ध्या इंचाचा तो ' चार सुती '. भारतानें १९५६ सालीं मेट्रिक मापांचा कायदा केला, परंतु लोखंडाच्या दुकानांत ' तीन सुती द्या ' असें मागणारें गिऱ्हाईक आजहि भेटतें. भाषा मापाहून चिवट असते, याचें हें एक उदाहरण.

परंतु एका देशाचें माप दुसऱ्यास मान्य होईलच असें नाहीं. १८६४ सालीं फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यानें अमेरिकेपुढें निराळी पद्धति ठेवली. तिचा कोन ६० अंशांचा आणि शेंडे सपाट. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंग्लंडांत दर इंचास १२ आटे, अमेरिकेंत १३. फरक एका आट्याचा. पण त्या एका आट्यापायीं नट अर्ध्यावर अडकावा. युरोपांतील देशांनीं १८९८ सालीं झूरिक येथें मेट्रिक आट्यांचा विचार केला, आणि जगांत तीन पंथ झाले.

या भेदाची किंमत केव्हां केव्हां फार जबर पडली. ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरास आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धांवून आले; पण पुष्कळांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. माणसें होतीं, बंब होते, पाणी होतें; नव्हतें तें समान माप. दीड हजारांवर इमारती भस्मसात् झाल्या. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, रोल्स-रॉइसचें मर्लिन हें विमानाचें इंजिन अमेरिकेंत बनविण्याचें पॅकार्ड कंपनीनें पत्करलें. ब्रिटिश आणि अमेरिकन इंजिनांचे भाग एकमेकांस चालावे, म्हणून तिनें ब्रिटिश आटे कायम ठेविले. पण ते पाडण्याचीं हत्यारें अमेरिकेंत मिळेनात, तीं तिला स्वतःच घडवावीं लागलीं. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनीं एकाच आट्यावर सह्या केल्या. कोन ठरला ६० अंशांचा. व्हिटवर्थच्या आट्याला शंभराहून अधिक वर्षांनीं आपली जागा सोडावी लागली.

बोल्टाचें रूप असें ठरलें. परंतु तो किती आवळावा, हें मात्र पुष्कळ काळ कारागिराच्या मनगटावरच सोंपविलेलें होतें. याचा अर्थ कांहींच माप नव्हतें असा नव्हे. जुन्या पान्यांची लांबी पाहा: लहान बोल्टाचा पाना आंखूड, मोठ्याचा लांब. साधारण मनुष्यानें साधारण जोर लावला, तर त्या त्या बोल्टास मानवेल इतकाच पीळ बसावा, ही योजना त्या लांबींत आहे. म्हणूनच पान्यावर नळी चढवून जोर वाढविणें हें चांगल्या कारखान्यांत गैर मानलें जाई. जोर आणि दांडीची लांबी यांचा गुणाकार म्हणजेच पिळाचें बळ. त्याला इंग्रजींत ' टॉर्क ' हा शब्द १८८४ सालीं जेम्स थॉमसन यांनीं सुचविला. प्रसिद्ध शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांचे ते वडील बंधु. दांडीचा नियम आर्किमिडीजच्या काळचा आणि त्याचें हें नांव एकोणिसाव्या शतकाच्या उतरणीचें. नांव मिळालें कीं वस्तु मोजण्याची निकड मनुष्यास वाटूं लागते.

ती निकड मोटारीनें वाढविली. १९०८ च्या फोर्ड ' टी ' मोटारीचें हेड सुटें काढतां येई. तें काढून सिलिंडर सहज साफ करतां येऊं लागले. परंतु जें काढतां येतें तें पुन्हां बसवावेंहि लागतें, आणि तें बसविणारा आतां कारखान्यांतील मुरलेला फिटरच असेल असें नाहीं. टॉर्क मोजणाऱ्या पान्याच्या शोधाचें श्रेय न्यूयॉर्कच्या पाणीखात्यांतील कॉनरॅड बार यांना दिलें जातें. जमिनीखालच्या नळांचे बोल्ट अति आवळल्यानें तुटत, त्यावर १९१८ च्या सुमारास त्यांनीं हा उपाय योजिला. मोटारीच्या धंद्यांत हा पाना रुळला तो १९३० नंतर. पॉल स्टर्टेव्हंट यांच्या दांडीच्या पान्याचें पेटंट १९३८ चें आहे.

हा दांडीचा पाना म्हणजे साधेपणाचा नमुना आहे. त्यास दोन दांड्या असतात. जाड दांडीवर जोर लावला कीं ती किंचित् वांकते. बारीक दांडीवर जोर नसतो, म्हणून ती सरळ राहते, आणि तिचें टोंक पट्टीवरील आंकडा दाखवितें. जितका जोर तितका वांक. म्हणजे हूकचा नियम येथेंहि हजर. बोल्टाची स्प्रिंग मोजण्यास दुसरी स्प्रिंगच कामास आली. दुसऱ्या प्रकारच्या पान्यांत मुठीजवळ आंकडा आधींच लावून ठेवतात, आणि तेवढा पीळ बसला कीं ' टक् ' असा आवाज व हातास हिसका मिळतो.

घरीं मोटार बाळगणाऱ्या गृहस्थानें यांपैकीं कोणता घ्यावा ? दांडीचा पाना स्वस्त, बिघडण्यास त्यांत फारसें कांहीं नाहीं. पण आंकडा समोरून वाचावा लागतो, आणि अडचणीच्या जागीं तें जमत नाहीं. ' टक् ' करणारा पाना अंधारांतहि चालतो. पण काम संपल्यावर त्याची स्प्रिंग खालच्या आंकड्यावर आणून ठेवावी लागते आणि अधूनमधून तो तपासून घ्यावा लागतो. कोणताहि घेतला तरी आपल्या कामाचा आंकडा त्याच्या पट्टीच्या मधल्या भागांत यावा. अगदीं तळाशीं पाना भरंवशाचा नसतो. मूठ जेथें धरण्यास सांगितली आहे तेथेंच धरावी, ओढ संथ असावी, आणि जाम बोल्ट सोडविण्यास हा पाना कधीं वापरूं नये. आंकडा कोणत्या मापाचा आहे तेंहि पाहावें. एक पौंड-फूट म्हणजे सुमारें १.३६ न्यूटन-मीटर, आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारें ९.८ न्यूटन-मीटर. या मापांची गल्लत झाली, तर उत्तम पान्यानेंहि बोल्ट तुटावयाचाच.

हेडचे बोल्ट आवळण्याचा क्रमहि अनुभवानें ठरला आहे. पुस्तकांत निराळें सांगितलें नसेल तर मधल्या बोल्टांपासून आरंभ करून आळीपाळीनें दोन्ही टोंकांकडे जावें. म्हणजे गॅस्केट मधून बाहेरच्या बाजूस सपाट होत जातें, त्यास फुगवटा राहत नाहीं. एका दमांत शेवटचा आंकडा गांठूं नये. दोन-तीन फेऱ्यांत चढत जावें. चादर पसरतांना घरांतील बायका मधून कडेकडे हात फिरवितात, त्यांतीलच हें शहाणपण आहे.

इतकें झाल्यावर प्रश्न सुटला असें वाटेल; पण गोम पुढेंच आहे. पाना ताण मोजीत नाहीं, फिरविण्यास होणारा विरोध मोजतो. लावलेल्या पिळापैकीं सुमारें नऊ-दशांश भाग बोल्टाच्या डोक्याखालीं व आट्यांमध्यें घर्षणांतच खर्च होतो. बोल्ट ताणण्यास उरतो तो एक-दशांशाच्या आसपास. आटे गंजलेले असतील तर आंकडा पुरा भरतो आणि ताण अपुरा राहतो. उलट कोरड्या आट्यांसाठीं दिलेला आंकडा तेल लावलेल्या आट्यांवर गांठला, तर ताण एक-तृतीयांशानेंहि वाढूं शकतो. बोल्टाच्या भोंकांत तेल किंवा पाणी सांचलेलें असेल तर तें दाबलें जाऊन ठोकळा तडकूं शकतो. म्हणून आटे साफ करणें, भोंक कोरडें करणें, तेल सांगितलें असेल तेथें आणि तेवढेंच लावणें, हें आंकड्याच्या आधींचें काम आहे. याच घर्षणाच्या अडचणीमुळें अलीकडील पुष्कळ इंजिनांत प्रथम थोडा टॉर्क व नंतर ठरलेल्या अंशांचा फेरा देतात. त्यांतील कांहीं बोल्ट मुद्दाम मर्यादेच्या काठापर्यंत ताणलेले असतात. ते पुन्हां वापरावयाचे नसतात.

याच संबंधांत एक घटना सांगण्यासारखी आहे. १० जून १९९० रोजीं बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालेल्या विमानाची वैमानिकासमोरील कांच आकाशांत निखळली आणि वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनीं त्याला धरून ठेविलें, सहवैमानिकानें विमान खालीं उतरविलें, आणि सारे वांचले. चौकशींत आढळलें कीं, कांच आदल्याच दिवसाच्या सुमारास बदलली होती, आणि तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ योग्य जाडीहून किंचित् बारीक होते व उरलेले ६ आंखूड होते. नवे बोल्ट जुन्याशीं केवळ नजरेनें ताडून घेतले होते. लक्षांत घ्या, ते आवळण्यास ठराविक पीळ देणारेंच हत्यार वापरलें होतें. हत्यार होतें, आंकडा होता; परंतु बोल्टच चुकीचा असल्यावर आंकडा कशाची ग्वाही देणार ?

तेव्हां या इतिहासाचें तात्पर्य काय ? कित्येक वडीलधारे कारागीर म्हणतात कीं, आंकड्याचा पाना आला आणि हाताची किंमत गेली. मला तसें वाटत नाहीं. मुरलेल्या फिटराच्या मनगटाला घट्टपणाची जाण होती, यांत शंका नाहीं. पण ती त्याच्याबरोबर घरीं जाई आणि त्याच्याबरोबरच संपे. ती शिष्याला सांगतां येत नसे, परगांवीं पत्रानें कळवितां येत नसे. व्हिटवर्थनें बोल्टाचें रूप कागदावर उतरविलें, आणि टॉर्कच्या पान्यानें घट्टपणा. आतां मँचेस्टरचा किंवा पुण्याचा कारागीर आपल्या आयुष्यांत कधीं न भेटणाऱ्या कारागिरास नेमकें सांगूं शकतो, कीं ' इतकें '. तो आंकडा म्हणजे एका अनोळखी माणसानें दुसऱ्यास दिलेला शब्द आहे.

पण शब्द पाळण्याची जबाबदारी आंकड्याची नाहीं; ती आटे पुसणाऱ्या, बोल्ट पारखणाऱ्या आणि क्रम न चुकविणाऱ्या हाताचीच आहे. म्हणून आपली गाडी दुरुस्त होऊन येईल तेव्हां, पाना कोणता वापरला हें कारागिरास जरूर विचारा. आणि त्याच्याच जोडीला, बोल्ट नवे होते कीं जुने, आणि बसविण्यापूर्वीं ते साफ केले होते काय, हेंहि विचारा. चांगल्या कारागिरास या प्रश्नांचा राग येणार नाहीं.